फुप्फुसातल्या जुन्या गुठळ्यांवर बलूनचा उपचार: निदानापासून शेवटच्या सिटिंगपर्यंत

पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, रुग्णालयात रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं, घरी आल्यावर बरंही वाटलं. पुढे चार-सहा महिन्यांनी जिना चढताना दम लागू लागला आणि तो वाढतच गेला. अशा रुग्णाला बऱ्याचदा दम्याचा पंप दिला जातो, वजन कमी करायला सांगितलं जातं, कुणी टीबीच्या तपासण्या लिहून देतं. ६७९ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ १४ महिने निघाला. एवढा काळ हृदयाची उजवी बाजू वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत राहते आणि थकत जाते.

आजाराचं पूर्ण नाव क्रॉनिक थ्रॉम्बोएम्बॉलिक पल्मनरी हायपरटेन्शन, डॉक्टरांच्या बोलण्यात सीटेफ. फुप्फुसात गुठळी होऊन वाचलेल्या १०० जणांपैकी साधारण २ ते ४ जणांना तो होतो. त्याच नोंदणीतल्या सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना मात्र आधी कधी गुठळी झाल्याची नोंदच नव्हती. ‘मला तर गुठळी कधी झालीच नाही’ एवढ्यावरून हा आजार बाद करता येत नाही.

यावर बलूनने करायचा उपचार म्हणजे बलून पल्मनरी अँजिओप्लास्टी, बीपीए. छाती उघडावी लागत नाही, पूर्ण भूल लागत नाही. तरी हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखं ‘सकाळी गेलो, ब्लॉक उघडला, झालं’ असं हे काम नाही. एका वेळी थोडंसं उघडायचं, थांबायचं, पुन्हा यायचं, अशा चार-सहा फेऱ्यांचं ते आहे. यातले बरेचसे अपघात घाईतून होतात.

गुठळी नव्हे, चट्टा

ताजी गुठळी मऊ असते आणि औषधाने विरघळते. तीन महिने नीट औषध घेऊनही जी उरते, तिला गुठळी म्हणणं खरं तर चूक आहे. शरीराने तिच्यात तंतू विणलेले असतात आणि ती धमनीच्या आतल्या अस्तराशी एकजीव झालेली असते. कुठे धमनी कड्यासारखी आवळलेली दिसते, कुठे आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पडदे असतात, कुठे तोंडच बुजलेलं असतं. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथे उपयोगाचं नाही. रक्त पातळ करणारी गोळीसुद्धा हा चट्टा साफ करत नाही, फक्त नवी भर पडू देत नाही. ती मात्र जन्मभर घ्यावी लागते, बलून झाल्यावरही.

बलूनने नेमकं काय होतं? केसासारखी बारीक वायर जाळीच्या छिद्रातून पलीकडे जाते, तिच्यावरून बलून नेऊन फुगवला की पडदे फाटून भिंतीकडे सरकतात आणि रक्ताला वाट मिळते. चट्टा बाहेर काढला जात नाही. स्टेंटही सहसा बसवत नाहीत, कारण उघडलेली फुप्फुसाची धमनी हृदयाच्या धमनीसारखी पुन्हा आवळत जाण्याचं प्रमाण फार कमी आहे.

निदान पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही

सुरुवात बहुधा टू-डी इकोने होते. उजवा कप्पा फुगलेला आणि फुप्फुसातला दाब वाढलेला दिसतो. इकोवरचा दाब हा अंदाज असतो, त्यावर उपचार ठरत नाहीत.

दुसरी तपासणी व्ही/क्यू स्कॅन. फुप्फुसात हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं, याचे दोन नकाशे त्यात काढतात. हवा पोचते पण रक्त नाही, असे पाचरीच्या आकाराचे रिकामे भाग दिसले तर सीटेफचा संशय बळावतो. हा स्कॅन पूर्ण नॉर्मल आला तर सीटेफ जवळजवळ नाहीच. आपल्याकडे सीटी अँजिओ सहज मिळते म्हणून व्ही/क्यू वगळण्याकडे कल असतो. ही चूक महागात पडते. सीटीत ताजी गुठळी छान दिसते, पण बारीक डहाळ्यांमधले जुने पडदे नजरेतून सुटतात आणि रिपोर्टवर ‘गुठळी नाही’ असं येतं. सीटी हवीच, पण व्ही/क्यूच्या जोडीने. ती वाचणाऱ्याला ‘सीटेफचा संशय आहे’ असं चिठ्ठीवर लिहून द्यावं, म्हणजे तो आवळलेली कडी, पडदे आणि फुप्फुसातला ठिगळ-ठिगळ रंगफरक मुद्दाम शोधतो.

तिसरी तपासणी राइट हार्ट कॅथेटरायझेशन, आणि तिला पर्याय नाही. मान किंवा जांघेतल्या शिरेतून नळी थेट फुप्फुसाच्या धमनीत नेऊन दाब मोजतात. सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिमीपेक्षा जास्त, वेज दाब (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज) १५ किंवा कमी आणि रक्तवाहिन्यांचा अडथळा २ वुड युनिटपेक्षा जास्त, ही आजची व्याख्या आहे. शिवाय या तपासण्या रक्त पातळ करणारं औषध किमान तीन महिने व्यवस्थित घेतल्यानंतरच्या असाव्या लागतात. आधी केल्या तर ताज्या गुठळीलाच जुनी समजण्याचा धोका असतो.

अडथळ्याचं गणित रुग्णाच्या घरच्यांनाही जमण्याजोगं आहे. सरासरी दाबातून वेज दाब वजा करायचा आणि हृदय मिनिटाला जितके लिटर रक्त ढकलतं त्याने भागायचं. दाब ४६, वेज १०, हृदयाचा प्रवाह ३.६ लिटर असेल तर ३६ भागिले ३.६, म्हणजे १० वुड युनिट. काही रिपोर्टमध्ये हाच आकडा ८० ने गुणून ८०० असा लिहिलेला असतो. दोन रिपोर्टची तुलना करताना एकक आधी पाहावं. ८०० वरून ५ वर आलं म्हणून घरच्यांनी आनंद मानावा आणि प्रत्यक्षात अडथळा निम्माच उतरलेला असावा, असं होऊ शकतं.

याच टप्प्यावर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची रक्ततपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह असेल तर रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन यांसारख्या नव्या गोळ्या टाळून वॉरफरिन किंवा एसिट्रोमवर राहावं लागतं. प्लीहा काढलेली आहे का, पेसमेकरच्या तारा किंवा मेंदूतलं पाणी उतरवणारा शंट आहे का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. या सगळ्यांचा या आजाराशी संबंध आहे.

ऑपरेशन, बलून की गोळी

इथे एक गोष्ट ठासून सांगावी लागते. छाती न उघडता उपचार होतो हे ऐकून रुग्ण बलूनच मागतो, आणि ज्या ठिकाणी फक्त बलूनची सोय आहे तिथे त्याला तो मिळतोही. पण ज्याचं ऑपरेशन होऊ शकतं त्याच्यासाठी ऑपरेशन हाच पहिला पर्याय आहे. त्याला पल्मनरी एंडार्टरेक्टमी म्हणतात, आपल्याकडचे सर्जन पीटीईसुद्धा म्हणतात. हार्ट-लंग मशीनवर शरीर साधारण १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून, एका वेळी सुमारे २० मिनिटं रक्ताभिसरण थांबवून, चट्टा आतल्या अस्तरासकट सोलून काढतात. साच्यातून निघावा तसा फांद्या-फांद्यांचा अख्खा तुकडा बाहेर येतो. बलून एवढं कधीच काढू शकत नाही. या शस्त्रक्रियेची घडी अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठाने बसवली. भारतात बेंगळुरूच्या नारायणा हृदयालयात ती होते.

निवड ठरते ती चट्टा कुठे आहे त्यावर. फुप्फुसाच्या धमनीला झाड समजा. खोडात आणि मोठ्या फांद्यांत चट्टा असेल तर सर्जनचा हात पोचतो. लहान फांद्या आणि डहाळ्यांपुरताच असेल तर पोचत नाही, आणि तिथे बलूनचं काम सुरू होतं. ऑपरेशननंतर दाब उरला असेल, किंवा वय आणि इतर आजारांमुळे ऑपरेशन झेपणार नसेल, तरीही बलून करतात. ‘ऑपरेशन शक्य नाही’ हा निर्णय मात्र हे ऑपरेशन नियमित करणाऱ्या सर्जनने फिल्म पाहून द्यायला हवा. इतर हृदयशल्यविशारदाचा नकार पुरेसा नाही. बेंगळुरूला जाणं जमत नसेल तर निदान सीटी, अँजिओ आणि कॅथच्या फाइल्स तिकडे पाठवून मत मागवावं.

गोळी म्हणजे रिओसिगुआट. ज्यांचं ऑपरेशन शक्य नाही किंवा ऑपरेशननंतर दाब उरला, अशा २६१ जणांवर तिची चाचणी झाली. १६ आठवड्यांनी सहा मिनिटांत चालायचं अंतर गोळी घेणाऱ्यांमध्ये सरासरी ३९ मीटरने वाढलं, बनावट गोळीवाल्यांमध्ये ६ मीटरने घटलं. पुढे फ्रान्समध्ये १०५ रुग्णांवर गोळी विरुद्ध बलून अशी थेट तुलना झाली. २६ आठवड्यांनी बलून गटातला अडथळा सुरुवातीच्या ४० टक्क्यांवर आला, गोळीच्या गटात ६७ टक्क्यांवर. म्हणजे दाब उतरवण्यात बलून सरस. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कामाला अधिक उपयोगी आहे. थेट बलूनने सुरुवात केलेल्या ५२ पैकी २२ जणांना त्या प्रक्रियेशी संबंधित गंभीर त्रास झाला, तर आधी गोळी घेऊन मग बलून केलेल्या ३६ पैकी ५ जणांनाच. म्हणून अडथळा ४ वुड युनिटपेक्षा जास्त असेल तर आधी रिओसिगुआटने दाब थोडा उतरवून मगच बलून हाती घ्यावा.

पहिल्या सिटिंगच्या आधीचे आठवडे

रिओसिगुआट सहसा १ मिग्रॅ दिवसातून तीनदा सुरू करतात, बीपी कमी राहणाऱ्यांना ०.५ पासून. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक डोस ०.५ ने वाढवत २.५ मिग्रॅ तीनदा इथपर्यंत नेतात. वरचं बीपी ९५ च्या खाली गेलं किंवा चक्कर येऊ लागली तर वाढवत नाहीत. दोन बंधनं पक्की आहेत. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलबरोबर ही गोळी चालत नाही, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबरही नाही. बीपी धोकादायक खाली जातं. आपल्याकडे फुप्फुसातला दाब वाढलेला दिसला की सिल्डेनाफिल आधीच सुरू झालेलं असतं, म्हणून जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. गरोदरपणात ही गोळी पूर्ण वर्ज्य आहे. आधी गर्भधारणेची तपासणी आणि पुढे खात्रीचं गर्भनिरोधन लागतंच.

पायावरची सूज आणि पोटातलं पाणी लघवीच्या गोळ्यांनी उतरवून, वजन स्थिर करून मगच टेबलावर घ्यायचं. उजवं हृदय पाण्याने तुंबलेलं असताना केलेली सिटिंग बिघडली तर सावरायला जागा उरत नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा), थायरॉइड या तपासण्या ताज्या हव्यात. मालिकेत वाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून सोडायचा आयोडिनयुक्त डाय पुन्हा पुन्हा जाणार असतो, त्यामुळे किडनी नाजूक असेल तर सिटिंगमधलं अंतर वाढवावं लागतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर किडनी पाहून ती कधी थांबवायची हे विचारा. रक्त पातळ करायच्या गोळीचं धोरण केंद्रागणिक वेगळं असतं. कुणी आयएनआर २ च्या आसपास ठेवून तशीच चालू ठेवतं, कुणी सकाळचा डोस वगळतं. स्वतःच्या मनाने ती कधीही बंद करायची नाही.

एक सराव घरीच करायचा: खोल श्वास घेऊन १० सेकंद न हलता रोखणं. कॅथलॅबमध्ये तो पन्नास वेळा तरी करावा लागतो. श्वास हलला की फुप्फुस हलतं, आणि बारीक डहाळीचं चित्र धूसर येतं.

खर्चाबद्दल विचारताना एका सिटिंगचा आकडा घेऊन निघू नका. पूर्ण मालिकेचा अंदाज, त्यात वायर आणि बलून किती धरलेत आणि आयसीयूचे दिवस धरलेत का, हे लेखी मागा. विमा किंवा सरकारी योजनेत प्रत्येक सिटिंगला वेगळी मंजुरी लागणार का, हेही तेव्हाच समजून घ्या. पैशांअभावी मालिका मध्ये तुटली तर अर्धवट उघडलेल्या फुप्फुसाचा फायदाही अर्धवटच राहतो. केंद्राच्या अनुभवाबद्दल विचारायला संकोच नको. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत वर्षाला ३० पेक्षा जास्त रुग्ण किंवा १०० पेक्षा जास्त बीपीए प्रक्रिया हा अनुभवी केंद्राचा निकष धरला आहे.

कॅथलॅबमध्ये

रुग्ण जागा असतो. जांघेत, बहुधा उजवीकडे, भुलीचं इंजेक्शन देऊन सोनोग्राफीच्या मदतीने शिरेत शीथ (बाकीचं सामान आत नेण्याची नळी) बसवतात. इथे धमनी टोचायची नसते, म्हणून रक्तस्राव आटोक्यात ठेवणं सोपं जातं. मानेतल्या शिरेतूनही करता येतं. प्रत्येक सिटिंगची सुरुवात दाब मोजून करायची. मागच्या वेळेपासून काय बदललं आणि आज किती धाडस परवडेल, हे त्या आकड्यावरून ठरतं.

मग ०.०३५ इंचाच्या वायरवरून ७० ते ९० सेंमीची लांब शीथ उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. तिच्यातून ६ फ्रेंचचा गाइड कॅथेटर, मल्टिपर्पज किंवा जडकिन्स राइट आकाराचा. अवघड कोनासाठी अॅम्प्लॅट्झ लागतो, पण त्याचं टोक आक्रमक असतं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सहसा २००० ते ५००० युनिट. रक्त गोठण्याचा एसीटी वेळ २०० ते २५० सेकंदांच्या दरम्यान राखला तर पुरतं. हृदयाच्या अँजिओप्लास्टीच्या सवयीने भरपूर हेपॅरिन देणं इथे घातक ठरतं.

दोन्ही फुप्फुसांत मिळून साधारण १८ मुख्य डहाळ्या धरतात, उजवीकडे १० आणि डावीकडे ८. प्रत्येकीचं वेगळं चित्र समोरून आणि डावीकडे सुमारे ६० अंश झुकवून घ्यावं लागतं. डाय सलाइनमध्ये पातळ करून हाताने, सावकाश सोडायचा. त्याआधी गाइडमधून रक्त मागे येतं का पाहायचं. येत नसेल तर टोक डहाळीत रुतलेलं असतं. अशा वेळी जोराने डाय सोडला तर त्या दाबानेच बारीक वाहिनी फुटते, वायर आत गेलेली नसतानासुद्धा.

चित्रावर पाच प्रकारचे अडथळे दिसतात. कडं, जाळी, जवळजवळ बंद, पूर्ण बंद आणि टोकाशी वेटोळी झालेली वाहिनी. यांना ए ते ई अशी अक्षरं आहेत. ही वर्गवारी जपानमध्ये ९७ रुग्णांच्या ५०० सिटिंगवरून तयार झाली. कडं आणि जाळी जवळजवळ नेहमी उघडली आणि गुंतागुंत २ टक्क्यांच्या आसपास राहिली. पूर्ण बंद वाहिन्या निम्म्याच उघडल्या. वेटोळ्या वाहिन्यांत गुंतागुंत ४३ टक्के. यावरून क्रम आपोआप ठरतो: आधी कडी आणि जाळ्या, बंद वाहिन्या दाब उतरल्यावर, ई प्रकाराला शक्यतो हातच लावायचा नाही. बहुतेक ठिकाणी पहिली सिटिंग उजव्या खालच्या भागाची असते. तिथे रक्तप्रवाह जास्त जातो, त्यामुळे कष्टाच्या मानाने फायदा मोठा मिळतो. दोन्ही फुप्फुसं एकाच सिटिंगला घ्यायची नाहीत. दोन्हीकडे पाणी भरलं तर श्वासासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

वायर ०.०१४ इंचाची, मऊ टोकाची. जाळीतून ती कधी खऱ्या वाटेने जाते, कधी पडद्यामागच्या खिशात. जोर लावावा लागतोय असं वाटलं की ती मागे घ्यायची. पलीकडे गेल्यावर सगळ्यांत मोठा धोका तिच्या टोकाचाच. श्वास आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर गाइड मागेपुढे होतो, टोक सेंटिमीटरभर पुढे ढकललं जातं आणि फुप्फुसाच्या कडेजवळच्या कागदासारख्या वाहिनीतून आरपार जातं. म्हणून एका माणसाची नजर सतत टोकावर हवी. बलून आत-बाहेर करताना टोक चौकटीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

किती उघडायचं

पहिल्यांदा बलून मुद्दाम लहान घ्यायचा, १.५ किंवा २ मिमीचा, वाहिनी ५ मिमीची असली तरी. कमी दाबाने १५ ते ३० सेकंद फुगवायचा. डाय पलीकडे झरझर जाऊन शिरेतून परत येताना दिसला की त्या डहाळीचं त्या दिवसाचं काम संपलं. पुढच्या फेरीत, मुख्य दाब उतरल्यावर, त्याच ठिकाणी पूर्ण मापाचा बलून. सरासरी दाब ४० च्या वर असेल तर हा नियम मोडायचाच नाही. अडथळ्यापलीकडची वाहिनी वर्षानुवर्षं कमी दाबाला सरावलेली असते. एकदम पूर्ण उघडली तर मागचा सगळा दाब तिच्यावर कोसळतो. दाब मोजणारी प्रेशर वायर असेल तर अडथळ्यापलीकडचा सरासरी दाब ३५ च्या खाली राहतो ना, हे पाहता येतं.

हा धडा स्वस्तात मिळालेला नाही. फुप्फुसात बलूनचा पहिला प्रयोग १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये एका रुग्णावर झाला. २००१ मध्ये बोस्टनच्या गटाने १८ रुग्णांचा अनुभव मांडला. दाब उतरला, पण ११ जणांच्या फुप्फुसात पाणी भरलं, तिघांना व्हेंटिलेटर लागला. जगाने हा मार्ग जवळजवळ सोडून दिला. जपानमध्ये ओकायामाच्या हिरोमी मात्सुबारा यांच्या गटाने लहान बलून, थोड्या डहाळ्या आणि अनेक फेऱ्या ही पद्धत बसवली. २०१२ मध्ये त्यांनी ६८ रुग्णांच्या २५५ प्रक्रिया प्रसिद्ध केल्या. सरासरी दाब ४५.४ वरून २४ वर आला, दगावला एक रुग्ण. त्या मालिकेतही ६० टक्के रुग्णांना फुप्फुसाची इजा झालीच होती, पण बहुतेकांना सावरता आली.

सिटिंगची मर्यादा आधीच ठरवलेली बरी: फ्लोरोस्कोपी (पडद्यावरचा चालता एक्स-रे) साधारण ६० मिनिटं, डाय २०० ते ३०० मिली. मर्यादा गाठली की शेवटची डहाळी कितीही सोपी दिसत असली तरी थांबायचं.

बिघडतं तेव्हा

पहिली खूण खोकला. टेबलावरचा रुग्ण अचानक खोकला की वायर कुठे आहे ते आधी बघायचं. नाडी वाढणं, ऑक्सिजन घसरणं, थुंकीत रक्त, पडद्यावर वाहिनीबाहेर डायचा डाग, यांतलं काहीही दिसलं तर पुढची डहाळी रद्द.

वायर काढून घेऊ नका, ती परतीची वाट आहे. तिच्यावरूनच, वाहिनी फुटलेल्या जागेच्या अलीकडे बलून नेऊन तो कमी दाबाने फुगवायचा आणि ५ ते १० मिनिटं तसाच ठेवायचा. प्रोटॅमिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उलटवायचा. ऑक्सिजन वाढवायचा, गरज पडल्यास मास्कने दाबाचा श्वास द्यायचा. रुग्णाला रक्तस्रावाच्या बाजूवर वळवायचं, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त उतरत नाही. तरी थांबलं नाही तर जिलेटिन स्पंजचे कण किंवा कॉइल टाकून ती डहाळी बंद करतात. मोठ्या वाहिनीला चीर गेली असेल तर कव्हर्ड स्टेंट. हे सगळं सामान कॅथलॅबच्या कपाटात आहे ना, हे सिटिंगच्या आधी डोळ्यांनी पाहायचं. रक्त येऊ लागल्यावर स्टोअरला फोन करायला वेळ नसतो.

काही तासांनी होणारा त्रास वेगळा दिसतो. ऑक्सिजन हळूहळू उतरतो, एक्स-रेवर उघडलेल्या भागातच पांढुरकं दिसतं. याला बरीच वर्षं सरसकट ‘रीपर्फ्युजन’ म्हटलं गेलं, जणू रक्त परत आल्याची ती अटळ किंमत आहे. आज मत बदललं आहे: यातला मोठा भाग वायर, बलून किंवा डायच्या दाबाने झालेल्या इजेचाच असतो. नाव बदलल्याने जबाबदारीही बदलते, आणि ते बरंच आहे. प्रत्येक पांढऱ्या डागानंतर फिल्म पुन्हा पाहून कुठल्या डहाळीत काय झालं हे शोधलं तर पुढची सिटिंग सुधारते.

सिटिंगनंतर आणि घरी

जांघेत दाब देऊन काही तास पाय सरळ. पहिली रात्र आयसीयू किंवा तशाच देखरेखीत, सकाळी एक्स-रे. बहुतेक त्रास पहिल्या ४८ तासांत दिसतो. थुंकीत तांबूस रेषा एक-दोन दिवस दिसली तर कळवायचं, पण घाबरून जायचं नाही. चमचाभर ताजं लाल रक्त, वाढता दम किंवा ताप असेल तर रात्र न काढता परत यायचं. पुढची फेरी एक ते चार आठवड्यांनी. काही केंद्रं एकाच भरतीत दोन करतात.

रक्त पातळ करायच्या गोळीवर इतर औषधांचा मोठा परिणाम होतो. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा गजकर्णासाठी फ्लुकोनाझोल सुरू झालं की आयएनआर उडी मारतो. टीबीच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनने उलट तो कोसळतो, आणि नव्या गोळ्यांचाही असर उतरतो. टीबीचं औषध सुरू होणार असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. गुडघेदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक घेऊ नका. पालेभाजी सोडायची नाही, आठवडाभरातलं प्रमाण सारखं ठेवायचं. श्रावणात अचानक वाढली तर आयएनआर घसरतो. तो २ ते ३ मध्ये असावा, आणि दर वेळचा आकडा तारखेसह वहीत लिहावा.

मालिका कधी संपली म्हणायची

शेवटच्या फेरीनंतर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा राइट हार्ट कॅथ, व्ही/क्यू, सहा मिनिटं चालणं, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी). सरासरी दाब ३० च्या खाली आणि रोजची कामं दम न लागता, हे बहुतेक केंद्रांचं उद्दिष्ट असतं. दाब उतरला पण चालताना ऑक्सिजन घसरतोच, असंही होतं. तेव्हा घरचा ऑक्सिजन घाईने बंद करत नाहीत. रिओसिगुआट कमी करायचं का, हे त्या कॅथच्या आकड्यावर ठरवायचं, बरं वाटण्यावर नाही.

त्यानंतर वर्षातून एकदा इको पुरतो. उघडलेल्या वाहिन्या सहसा उघड्याच राहतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी दम परत आला तर जुनी वाहिनी आवळली असं गृहीत धरून थेट कॅथलॅब गाठू नका. आधी आयएनआरची वही उघडा: मधल्या काळात आकडे २ च्या खाली होते का, दात काढताना किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला गोळी बंद करून पुन्हा सुरू करायची राहिली का, हे तपासा, आणि नवा व्ही/क्यू जुन्याशेजारी ठेवून पाहा.